पोटातलं हिरवं लुगडं

माझ्या सुनेला सध्या गोधड्या शिवायचा छंद लागलाय. आज तिनं माझ्या सासूबाईंचं जुनं शिलाई मशीन काढून त्यात तेल घातलं आणि त्या वासासरशी तरसालीच्या घरातली ती दुपार माझ्यासमोर उभी राहिली.

माझी आई नुकतीच गेली होती. करजणहून मी तिचं हिरवं लुगडं आणलं होतं, नव्या गोधडीला वरून लावावं म्हणून. सासूबाईंनी मशीनवरचा पाय थांबवलासुद्धा नाही. "माहेरच्या चिंध्या वर मिरवायच्या नसतात. घाल पोटात," म्हणाल्या, आणि वरून स्वतःच्या जांभळ्या साडीचे चौकोन जोडले. दातओठ खात मी टाके घातले. पुढे ती गोधडी मीच पांघरली, मीच धुतली, आणि दर वेळी जीव खाऊन धोपटली.

"मम्मी, ही तर फाटली!" सुनेनं तीच गोधडी उलगडली होती. "वरचं जांभळं पार विरलंय, आतून हिरवं दिसतंय. नवीन ठिगळ लावू ने?"

"खबरदार हात लावलास तर," मी म्हटलं. "अजून निम्मं जांभळं विरायचंय."