कंपाउंडरीणबाईंची सकाळची प्रार्थना

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. माझ्या एका खोट्यापायी धारमधल्या सर्वांत खऱ्या बाईला खोटं बोलावं लागलं. सर्वांत खरी हे मी तोलूनमापून म्हणतो आहे! आमच्या गल्लीतल्या कंपाउंडरीणबाईंइतकं खरं बोलणारं माणूस साऱ्या माळव्यात झालं नाही, आणि खरं इतक्या मोठ्यानं बोलणारं तर नर्मदेच्या दोन्ही तीरांवर नाही.

मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांच्या त्या पत्नी. नगरकडून आलेल्या. नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ, आणि चाल अशी की समोरचा बैल आपणहून बाजूला व्हावा. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी नवऱ्याला आणि चार मुलांना अंगणात रांगेनं उभं करून त्या प्रार्थना म्हणत. कंपाउंडरांचे कान मंद. त्यांना ‘आमेन’ वेळेवर म्हणता यावं म्हणून बाईंचा सूर टिपेचा. आणि प्रार्थना म्हणजे काय, देवाला गल्लीचं साद्यंत वर्तमान, तेही नावानिशी! “देवा, समोरच्या नानांचा खोकला बरा कर, पण आधी त्यांची चिलीम फोड. देवा, कोपऱ्यावरच्या काकूंना सुनेवर माया करायला शिकव, काल पोरीला उपाशी निजवलं त्यांनी.” सारी गल्ली दात घासायची थांबून ऐके. संध्याकाळी काकूंच्या सुनेच्या पानात तूप पडे.

दूधवाल्याचं नाव निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो हात जोडून दारात उभा. “बई, भगवान के म्हारो नाम मत बताजो! आज से पाणी नी मिलाऊं.”

“मी कुठं चहाडी केली रे भिया? त्याला आधीच ठाऊक होतं. मी आपली आठवण दिली.”

नवऱ्यावर जीव असा की त्यांच्या तपकिरीशी त्यांनी वीस वर्षं युद्ध केलं. “देवा, यांची तपकीर सुटू दे,” म्हणून त्या थांबल्या की कंपाउंडर गप्प.

“अहो, आमेन म्हणा!”

“ऐकू नाही आलं.”

“जेवायला चला म्हणून कुजबुजलं तर बरं येतं!”

शेवटी धाकटा पोरगा बापाच्या वतीनं आमेन ठोकून देई. चारी लेकरांचे कपडे त्या एकाच ताग्यातून शिवत, उरलेल्यात नवऱ्याची बंडी आणि त्यातूनही उरलं तर पोपटाच्या पिंजऱ्याचा अभ्रा. रविवारी मंडळी मिशनच्या देवळाला निघाली की एखादी चादरच फाटून चालू लागल्यासारखी दिसे. पण त्या पोरांपैकी एकाला ताप आला की हीच बाई तीन तीन दिवस त्याच्या उशाशी मांडलेला पाट सोडत नसे, आणि तिचा आवाज इतका हळू होई की गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

आता माझं सांगतो. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण. घरात त्या दिवशी आम्ही दोघंच, सुईण कुक्षीला लग्नाला गेलेली, आणि भरदुपारी बायकोनं डोळे फिरवले. मी भिंतीवरून उडी टाकली, कंपाउंडरीणबाईंचे पाय धरले. म्हटलं, “बाई, चला!”

“भाऊ, तुमच्यात चालेल?”

“मी बघून घेईन!”

त्या कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. दिवेलागणीच्या आत मुलगी झाली. त्यांनीच माझ्या बायकोला आमच्या तांब्यातलं पाणी पाजलं, पेज भरवली, आणि मला म्हणाल्या, “रडताय काय? नाव शोधा!”

आठव्या दिवशी ज्ञातीतली चार वडीलधारी मंडळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. किरिस्तावीण घरात शिरली, तिच्या हातचं पाणी झालं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न देवासला ठरलं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर आम्हाला वाळीत टाकलं असतं आणि ती सोयरीक तिथंच मोडली असती. मी मान खाली घालून म्हणालो, “मी कचेरीत होतो. ती आपणहून शिरली. पाणी कोणी घेतलं नाही.”

बाई पलीकडे धुणं वाळत घालत होत्या. चौघांतल्या एका म्हाताऱ्यानं ओट्यावरूनच हटकलं, “काय हो, बोलावलं होतं का तुम्हाला कुणी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बहिणीच्या लग्नासाठी त्या महिनाभर देवाला साकडं घालत होत्या.

“कुणी नाही. मीच घुसले. पाणीबिणी काही दिलं नाही.” आणि लुगडं पिळून झटकलं.

दोन दिवस त्यांचं अंगण मुकं राहिलं. तिसऱ्या दिवशी त्या बाहेर आल्या. मी दाराआड कान देऊन उभा. ही बाई देवापासून काही लपवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं! नानांचा खोकला झाला, काकू झाल्या, माझी तान्ही मुलगी झाली. मग त्या म्हणाल्या, “देवा, या आठवड्यात मी एक खोटं बोलले. मला क्षमा कर.” बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही. आणि कंपाउंडरांनी, जन्मात पहिल्यांदा, खणखणीत आणि वेळेवर आमेन म्हटलं.

गल्लीत दिवसभर तर्क. वय चोरलं असेल, दूधवाल्याला फसवलं असेल! स्वतःवर आळ घेण्यासाठी कुणी खोटं बोलतं हे आमच्या कुणाच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. लग्न थाटात झालं. बाई पुढंही मला “भाऊ”च म्हणत राहिल्या, आणि मी त्यांच्याशी दोन शब्द नीट बोलू शकलो नाही.

पुढं ते कुटुंब देवासला गेलं. बाई तिथंच वारल्या. मी त्या दिवशी बहिणीकडे होतो. तीन मुलगे आईला खांद्यावर घेऊन गेले, मुलगी मागून रडत होती, आणि मी रस्त्याच्या पलीकडे छत्री उघडून उभा राहिलो. जवळ गेलो नाही.

हे लिहिलं म्हणून मी सुटलो नाही. बाईंच्या त्या चौघा मुलांसमोर उभं राहून तोंडानं सांगायचं अजून बाकी आहे: तुमच्या आईला मी बोलावलं होतं, तिच्या हातचं पाणी माझ्या घरानं घेतलं, आणि ती खोटं बोलली ते माझ्यासाठी.