बबिताचा शनिवार

सईच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं सांस्कृतिक मंडळ आहे. त्याच्या बैठका आमच्या हॉलमध्ये होत, कारण दुपारी दोननंतर कॉलेज एकही खोली उघडी ठेवत नाही आणि आमचं घर लोणावळा स्टेशनपासून सात मिनिटांवर. सई माझी मुलगी, मंडळाची अध्यक्ष. तीन वर्षं मी या मुलांना पोहे करून घातले, त्यामुळे कोण बोलतं आणि कोण करतं हे मला ओट्यापाशी उभं राहून कळायचं. बोलणारे अकरा होते. करणारी एक, बबिता.

औंढे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी आहे. तिथून अर्धा-पाऊण तास उतरायचं, मग सडकेला जीप मिळाली तर मिळाली. बारीक अंगाची, सावळी, केस इतके घट्ट बांधलेले की बघणाऱ्याचं डोकं दुखावं. बाकीची मुलं मला काकू म्हणत, ही मावशी म्हणायची. बैठकीत दिवाणाच्या कडेला दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि बोलायची अगदी शेवटी, जायला उठता उठता. तेवढंच कामाचं असायचं.

पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या सकाळी वाऱ्यानं मांडवाची एक बाजू बसली. सगळे मांडववाल्याला फोन लावत होते. हिनं दोन मुलींना दोर धरायला लावला, बांबूच्या बुडाशी दगड ठोकले आणि मांडववाला येईपर्यंत मांडव उभा. तेव्हापासून मंडळाला तिचं नाव कळलं.

तिची कामाची तऱ्हाच निराळी. प्राचार्यांची सही हवी तर अकराच्या आधी जायचं नाही, शिपाई चहाचे पेले बाहेर आणतो तेव्हा आत शिरायचं. कागद एकच न्यायचा. "दोन नेले की सर दोन्ही ठेवून घेतात, मावशी." पाहुण्यांना साडेनऊची वेळ सांगायची आणि त्यांच्या ड्रायव्हरला नऊची. समई पेटवताना स्टेजवरचा पंखा बंद करायला एक माणूस बटणापाशी उभा, वाती आदल्या दिवसापासून तेलात. याद्या सई करायची, सुंदर करायची, रंगीत. त्या याद्यांत "समई" असं लिहिलेलं असे. पंखा त्यात कुठे नसे.

श्रीयश म्हणून एक मुलगा आहे, मंडळाचा सचिव, माईक हातातून न सुटणारा. तो एकदा म्हणाला, "बबिता, तू इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स केलायस का गुपचूप?"

"न्हाई. आवणी केलीय."

सगळे हसले. तीही हसली. नंतर माझ्याबरोबर मटार सोलताना तिनं सांगितलं. भाताची आवणी, म्हणजे लावणी, त्यांच्याकडे पडकईनं होते. आज एकाच्या खाचरात सगळी वाडी, उद्या दुसऱ्याच्या, घरटी एक माणूस. मजुरी नाही, लिहिणं नाही. ज्याचा दिवस त्यानं आदल्या दिवशी नुसतं सांगायचं, उद्या आमचं हाय. बस.

"आणि कोणी आलंच नाही तर?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. "न आला असं होत न्हाई, मावशी."

सईच्या फॅशन शोला या मुलीनं बारा घागऱ्यांना इस्त्री केली, पिना लावल्या आणि शो पाहिलाच नाही, कारण ती पडद्यामागे होती. श्रीयशच्या लघुपट स्पर्धेत प्रोजेक्टरचा प्लग सैल होता, तर ही दोन तास तो हातानं दाबून भिंतीशी उभी. मी त्याला तिचा चांगुलपणा म्हणत होते. सईला म्हणायचे, शिक जरा. पण तो चांगुलपणा नव्हताच. ती पडकई करत होती. दोन वर्षं सगळ्यांच्या खाचरात उतरली होती आणि आपला दिवस यायची वाट बघत होती.

तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये तिनं तो मागितला. वर्षाचे कार्यक्रम ठरत होते. ती म्हणाली, "रानभाज्यांचा एक दिवस करू या. आमच्या वाडीच्या बाया येतील. भाज्या दाखवतील, करून खाऊ घालतील. आणि तुम्ही अकरा जण, त्या अकरा जणी. एकेकानं एकीजवळ बसायचं आणि ती सांगेल ते वहीत उतरून घ्यायचं. कुठली भाजी कधी निघते, कशी ओळखायची, किती पाण्यातून उकळून काढायची. हे कुणी लिहिलेलंच न्हाई."

"मस्त आयडिया!" सई म्हणाली.

"डॉक्युमेंटेशन!" श्रीयश म्हणाला.

जुलैतला तिसरा शनिवार ठरला. जाताना दारात चप्पल घालता घालता बबितानं सगळ्यांकडे बघितलं. "त्या शनिवारी आमचं आहे हं."

"डन, डन," सगळे म्हणाले. मी ऐकलंय.

तिच्या लेखी बोलणं तिथं संपलं. या मुलांचं तसं नसतं. ग्रुपवर पडलं, नावापुढे काम आलं, दोनदा आठवण गेली, तर ते काम. ज्याच्यासाठी कोणी मागे लागलं नाही ते काम त्यांच्या डोक्यात उरतच नाही. बबितानं दोन वर्षं सगळं पाहिलं, हे तेवढं पाहिलं नाही. माणूस आपलंच मोजमाप घेऊन दुसऱ्याकडे जातो.

वाडीत तिनं आईला, गंगीला, आणि बाकीच्या बायांना सांगितलं, "माझी कॉलेजची माणसं लय हायेत. तुमी नुसत्या भाज्या घिऊन या. टेबलं, माईक, लिवणं, समदं ती करत्यात." आवणीचे दिवस. त्या शनिवारी रतन नावाच्या बाईच्या खाचराची पाळी होती. ती वाडीतली तोंडाळ. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, पोरगी पहिल्यांदा काही मागतेय, एक दिवस ढकलू या. रोप तरव्याच्या वाफ्यात जून होत चाललं असताना एक दिवस ढकलणं म्हणजे काय, हे भात लावणाऱ्यालाच ठाऊक. बबिताची माणसं येतात की नाही, याच्यावर तिची वाडीतली पत होती.

गुरुवारी पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या कॉलेजाचा निरोप आला. शनिवारी आंतरमहाविद्यालयीन महोत्सव, एक संघ गळाला होता, तुम्ही येता का? ग्रुपवर मतं घेतली. दहा मिनिटांत ठरलं.

मी सईला म्हटलं, "अगं, शनिवारी बबिताचं आहे ना?"

"हो, बबिता आहे ना. तिला काय, ती एकटीच सगळं करते." हे तिनं कौतुकानं म्हटलं.

"तिला सांगितलंस?"

"ग्रुपवर टाकलंय ना, आई."

बबिता भाज्या काढायला दोन दिवस वाडीतच होती, आणि वाडीत रेंज नाही, देवळाच्या टेकाडावर चढलं तर येते. मी दोनदा फोन लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही. माझ्याकडून एवढंच झालं.

शनिवारी नऊला मी द्रोण-पत्रावळी घेऊन कॉलेजात गेले. पोर्चमध्ये अकरा बाया पाट्या उतरवून उभ्या होत्या, प्लॅस्टिकच्या खोळी झटकून भिंतीशी ठेवलेल्या. बबितानं गळ्यात मंडळाचा बिल्ला घातला होता. टेबलं नव्हती. टेबलं, माईक, सगळं मंडळाच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली श्रीयशच्या खिशात, पुण्याला.

हे मी तिला सांगितलं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सगळे गेले?"

"सगळे."

"कोणीतरी मागं थांबलं असंल."

तिनं गोणपाटं अंथरली, त्यावर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, चाईचे वेल मांडले, खडूनं फरशीवर नावं लिहिली. दप्तरातून अकरा कोऱ्या वह्या काढून एकेका बाईसमोर एकेक ठेवली, वर पेन. आणि मग फाटकाकडे बघत उभी राहिली.

"कधी येत्यात गं तुझी माणसं?" गंगीनं विचारलं.

"येतील. दहाची येळ हाय."

दहा वाजून गेले, अकरा वाजले. रतननं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बबे, तुझी माणसं शेवळं झाली का काय गं? आठ दिस दिसत्यात, मग वर्सभर न्हाईत."

शेवळं म्हणजे पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी. बाया हसल्या. बबिताही हसली. मग ती खाली बसली, पहिली वही ओढली आणि आपल्याच आईला विचारायला लागली, "सांग, भारंगी किती पाण्यातनं काढायची?"

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय. तू सांग."

दुसरी वही मी घेतली. रतन मला म्हणाली, "बाई, नीट लिवा. चाईचा मोहर येगळा, पाला येगळा." दोन वह्या माझ्याकडून झाल्या, पाच बबिताकडून. चार कोऱ्याच राहिल्या.

लोक आले तसे आले. चार प्राध्यापक आले, त्यातल्या एकानं जुडीमागे घासाघीस केली. पावसात अडकलेले दोन पर्यटक शौचालय कुठे ते विचारायला आले आणि भाकरी खाऊन गेले. प्राचार्य चार मिनिटं थांबले. म्हणाले, "छान उपक्रम. मंडळ कुठंय?"

"मीच आहे, सर," बबिता म्हणाली.

एकच्या सुमारास तिचा फोन टणटण वाजायला लागला. पुण्याहून फोटो. मंडळाला दुसरं बक्षीस, सगळे दात काढून, मध्ये सई. बबितानं एकेक फोटो पूर्ण बघितला, अंगठ्यानं हळूहळू सरकवत. फोन दप्तरात टाकला आणि बायांना म्हणाली, "त्यास्नी मोठ्या ठिकाणचं बोलावणं आलं. जावंच लागलं."

"बोलावणं आलं म्हनून पडकई सोडायची?" रतन म्हणाली. गंगी गोणपाटं झटकत होती.

वाडीनं तिला एक शब्द विचारला नाही. पण दिवस गेला होता, बबिताच्या भरवशावर गेला होता, आणि ज्यांनी तो उचलायचा ते आले नव्हते. म्हणजे तो तिच्यावर. रविवारपासून ती खाचरात उतरली. घरटी एक माणूस जातं, ते गंगी जातच होती. आता त्या घरातून दोघी. दहा बायांचे दहा दिवस. तिचं कॉलेज बंद.

त्यातल्या सातव्या दिवशी, पुढच्या शनिवारी, नवीन मुलांच्या स्वागताचा समारंभ होता. सईनं दोन दिवस फोन केले. एकदा लागला. स्पीकरवर मी ऐकलं.

"अगं, कुठंयस तू? परवा कार्यक्रम आहे!"

"आवणी चाललीय, सई."

"एक दिवस ये ना!"

"न्हाई जमणार."

समारंभ झाला. म्हणजे नाचगाणी झाली. पण प्राचार्यांकडे पाच कागद एकदम नेले होते, त्यामुळे माईकच्या परवानगीवर सही नव्हती. पाहुणे तासभर उशिरा आले. समई तीनदा विझली, मुलं हसली. सई घरी येऊन रडली. "बबितानं ऐन वेळी दगा दिला, आई."

मी तिच्यासमोर चहा ठेवला. "तिच्या शनिवारी तुम्ही कुठं होता?"

"ते वेगळं होतं! आणि ती काही बोललीच नाही. नाराज होती तर सांगायचं ना. आम्ही पुन्हा ठेवला असता तिचा कार्यक्रम. दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर रानभाज्या?"

तिनं चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी औंढ्याला गेले आणि तिथून वर चढले. छत्री उलटी होत होती. वाडीतल्या श्रीपतीआबांच्या खाचरात बायांची ओळ वाकलेली, मध्ये बबिता, गुडघाभर चिखलात. मला बघून गंगी बांधावर आली.

मी म्हटलं, "आजचा दिवस मी उतरते बबिताच्या जागी. मला येत नाही, पण दाखवाल तसं करेन."

"नगं बाई."

"का?"

"तुमचा दिवस आमी कसा फेडायचा? तुमास्नी खाचर न्हाई." ती हे मायेनं म्हणाली. "चला, च्या घ्या."

बबिता ओळ सोडून आली नाही. बांधाजवळ रोपाची जुडी घ्यायला आली तेवढ्यात मी म्हटलं, "सई चुकली गं. तिला कळतंय आता."

"मी रागावले न्हाई, मावशी. बुधवारी परीक्षा आहे, तोवर संपतंय हे. बुधवारी येते."

"आणि मंडळात?"

तिनं जुडीचा बंध सोडला. "परीक्षेला येते. मंडळात न्हाई."

मी पुढे काही विचारायच्या आत ती ओळीत जाऊन वाकली. रतन काहीतरी म्हणाली, सगळ्या हसल्या, बबितासुद्धा. मी गंगीच्या घरात बसून एकटीनं चहा घेतला, पाहुण्यासारखा, आणि उतरले.

सई दारातच होती. "काय म्हणाली?"

"बुधवारी परीक्षेला येणार आहे. मंडळात येणार नाही म्हणाली."

"असंच म्हणते गं ती," सई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. तिनं तिथंच उभ्या उभ्या फोन काढला आणि गुरुवारची बैठक ग्रुपवर टाकली. खाली पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची यादी होती, रंगीत. बबिताच्या नावापुढे तिनं लिहिलं होतं: परवानग्या, मांडव, पाहुणे, समई.