हुडव्याच्या जागी घसरगुंडी

सूर्यभान म्हसे यांनी साखर कारखान्याचा ट्रॅक्टर आयुष्यभर इतका सावकाश चालवला, की मागून बैलगाडीवाले ओरडायचे, "ओ सूर्यभानभाऊ, जरा साईड द्या, आमची बैलं झोपाया लागली!" भाऊंना त्याचं काही वाटत नसे. दोन ट्रॉल्यांवर रचलेला त्यांचा ऊस कधी रस्त्यावर सांडला नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

निवृत्त झाल्यावर ते ग्रामपंचायतीचे मेंबर झाले, तेही स्वतःहून नव्हे. वॉर्डातले दोन चुलतभाऊ एकमेकांविरुद्ध उभे होते. दुसरा निवडून आलेला दोघांनाही पाहवेना, म्हणून दोघांनी मिळून भाऊंचा अर्ज भरला आणि स्वतःचे मागे घेतले. भाऊ त्या वेळी दाढी करत होते.

मेंबर झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. घसरगुंडी.

ह्याला कारण होतं. एकदा नगरला कामासाठी गेले असताना ते एका बागेत टेकले होते. समोर पोरं घसरगुंडीवरून खाली येत होती आणि परत पळत वर जात होती. भाऊंनी बराच वेळ पाहिलं, इकडेतिकडे कोणी ओळखीचं नाही याची खात्री केली आणि धोतर सावरून वर चढले. निम्म्यावर आले असतील नसतील, तोच रखवालदाराने शिट्टी वाजवली. "ओ बाबा, वय काय तुमचं?" भाऊ तिथेच पाय रोवून थांबले आणि उरलेली घसरगुंडी त्यांना उठून, चालत उतरावी लागली. आपल्या बोरवस्तीत असं काही असावं, हे त्या दिवशी त्यांच्या मनाने घेतलं.

कोल्हारहून राहुरीकडे येताना एक फाटा आत जातो, तिकडे बोरवस्ती. शहाण्णव साली खेड्यांत क्रीडांगण आणि बालोद्यान करायला सरकारी अनुदान निघालं, तेव्हा भाऊंनी सरपंच आबासाहेबांच्या मागे लागून अर्ज करवला. जागा होती खळवाडी. मळणी यंत्रं शेतावर जाऊ लागल्यापासून तिथली खळी बंद पडली होती. ओव्हरसियरने येऊन फक्कीने आखणी केली, इथे झोपाळे, इथे वाळूचा हौद, मधोमध घसरगुंडी. अट एवढीच, की ज्येष्ठात तपासणी होईल तेव्हा जागा पूर्ण मोकळी हवी. नसेल तर अनुदान शेजारच्या गावाला जाणार.

घसरगुंडीच्या फक्कीवर बरोबर मधोमध एक हुडवा उभा होता. हुडवा म्हणजे गोवऱ्यांची घुमटासारखी रचलेली रास, पावसापासून जपायला वरून पाचट आणि शेणाने लिंपलेली. हा हुडवा पुरुषभर उंच होता, गावात सगळ्यात देखणा होता आणि भाऊंच्या बायकोचा, चांगुणाबाईंचा होता.

भाऊंनी जेवताना विषय काढला. "तो हुडवा जरा हलवायला लागंल."

"कुठं? तुमच्या डोक्यावर?"

"अगं, सरकारी काम हाय."

"आन माजं काय खाजगी हाय? आखाडात माधुरी बाळंतपनाला येनार. न्हानीला पानी कशावर तापवू? शेक कशावर देऊ? एकदा लिंपलेला हुडवा फोडला की गोवऱ्या वल्ल्या झाल्याच म्हना."

"पन ही घसरगुंडी आपल्या नातवासाठीच हाय की."

"नातू आधी जल्मू तर द्या. घसरंल मग."

 भाऊंनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

तपासणी उद्यावर आली तेव्हा ते आबासाहेबांकडे गेले. आबासाहेब भला माणूस, पण कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे रंग हा एकच उपाय असे. शाळेचं छत गळायला लागलं तेव्हा त्यांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या.

"झाकता येत न्हाई ना? मग सजवू," ते म्हणाले. "चुना मारू, खाली गेरूचा पट्टा. साहेब लोकांना वाटंल, बागंतलीच काही शोभा हाय."

चांगुणाबाईंची हरकत नव्हती. "चुना लावा न्हाईतर सोनेरी जर लावा. एक गोवरी हालली तर बगा."

संध्याकाळपर्यंत हुडवा पांढराशुभ्र झाला. कडुलिंबाच्या सावलीत, खाली तांबडा पट्टा, वर गोल घुमट. भाऊ लांब जाऊन बघून आले. त्यांना तो इतका आवडला, की त्यांनी उरलेल्या गेरूने कळसाच्या जागी एक ठिपका दिला.

चूक झाली ती तिथे.

सकाळी गोजरबाई खळवाडीवरून चालल्या होत्या. वयाने थकलेल्या, नजर अधू. पांढरा घुमट आणि तांबडा ठिपका दिसताच त्यांनी चपला काढल्या, हळदकुंकू वाहिलं आणि पदर पसरून नमस्कार केला. मागून लंकाबाई आल्या. गोजरबाईंनी कुंकू वाहिलंय म्हणजे काहीतरी असणारच, म्हणून त्यांनी घरून नारळ आणून फोडला. त्यानंतर कोणी कोणाला विचारलं नाही. नऊ वाजेपर्यंत घुमटावर निशाण लागलं, पुढे पेढे आले, आणि कोणीतरी गोवऱ्यांच्या फटीत अगरबत्त्यांचा अख्खा पुडा खोचला.

भाऊ स्वच्छ टोपी घालून आले आणि जागच्या जागी थिजले. "अहो बाया, ह्यो हुडवा हाय!"

"असं बोलू नये भाऊ," लंकाबाई कानाला हात लावत म्हणाल्या. "कोप हुतो."

तेवढ्यात जीप आली. तपासणीला भालेराव मॅडम आल्या होत्या. तरुण, शिस्तीच्या आणि उन्हाने हैराण. त्यांच्या ड्रायव्हरने खाली उतरताच चपला काढून हात जोडले. मॅडमनी नकाशा पाहिला, घुमट पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला.

"सरपंच, नकाशात इथे घसरगुंडी आहे. हे देवस्थान कोणाचं?"

आबासाहेब भाऊंकडे बघू लागले. भाऊ कडुलिंबाकडे बघू लागले. देवस्थान म्हणावं तर बाग गेली, नाही म्हणावं तर सगळ्या बाया अंगावर येणार आणि वर अतिक्रमण मेंबरच्या घरचं ठरणार.

"जागृत असेल तर हलवता येणार नाही," मॅडम पेनाचं टोपण काढत म्हणाल्या. "मग मला तसं लिहावं लागेल."

"जागृत म्हंजे काय, बघा की," गोजरबाई भक्तीने म्हणाल्या. "देव धूर सोडतोय."

खरोखरच सोडत होता. अगरबत्तीची ठिणगी आतल्या पाचटात गेली होती. वारं सुटलेलं. घुमटाच्या फटीफटीतून निळसर धूर यायला लागला.

"पानी आना!" आबासाहेब ओरडले. "घागरी आना!"

"खबरदार कुनी पानी वतलं तर!"

चांगुणाबाई ओचा खोचून पळत येत होत्या. त्यांनी निशाण उपटून लंकाबाईंच्या हातात दिलं आणि मॅडमसमोर उभ्या राहिल्या. "बाई, ह्यात देव न्हाई. माझ्या लेकीच्या बाळंतपनाच्या गोवऱ्या हायेत. पानी पडलं तर समद्याचा चिखल हुईल."

मग त्या भाऊंकडे वळल्या. भाऊंना वाटलं, आता जन्माचा उद्धार होणार. पण त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अवं, बगता काय? फोडा की."

भाऊंच्या आयुष्यात घाई अशी ती एकदाच झाली. त्यांनी खांद्याने घुमटावर धडक मारली, चुन्याचा पापुद्रा फुटला आणि ते अर्धे आत गेले. चांगुणाबाईंनी जळती बाजू मातीने दाबली. गोजरबाईंनी क्षणभर विचार केला, देवाची मनोमन माफी मागितली आणि पहिली पाटी भरली. मग पाट्या, घमेली, पदर, जे मिळेल त्यात गोवऱ्या निघाल्या. ड्रायव्हरही अनवाणीच होता, तो कामाला लागला. मॅडमनी नकाशा काखेत मारला आणि हातोहात गोवऱ्या पुढे द्यायला सुरुवात केली.

"ठेवायच्या कुठं?" कोणीतरी ओरडलं. कोरडी, जवळची, कुलपाची खोली एकच होती. आबासाहेबांनी जड मनाने ग्रामपंचायत कार्यालयाची किल्ली काढली. ते आदल्याच महिन्यात रंगवून झालं होतं.

दुपारी खळवाडी साफ मोकळी होती. एका बाजूच्या गोवऱ्या जळाल्या, बाकी वाचल्या. भाऊ डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते, फक्त कपाळावर कुंकू लागलं होतं. ते चाचरत म्हणाले, "मॅडम, अतिक्रमन आमच्याच घरचं हुतं."

"होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी अहवालात लिहिलं, 'जागा ग्रामस्थांनी श्रमदानाने मोकळी केली.' मग एक पेढा उचलला. "हे आता कोणाचे? घेतले तर चालेल?"

"घ्या बाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमी बी पाट्या उचलल्यात."

आषाढात माधुरीला मुलगी झाली. श्रावणात ग्रामपंचायतीची बैठक भरली, तेव्हा आबासाहेब गोवऱ्यांच्या राशीला खुर्ची टेकवून, मंजुरीचं पत्र हातात घेऊन उभे राहिले. भाऊ कान देऊन बसले होते. 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं वाचून होतंय, तोच दारात चांगुणाबाई पाटी घेऊन आल्या. लेकीच्या शेकाची वेळ झाली होती.

"कसली बैठक हाय?"

"घसरगुंडी मंजूर झाली, वहिनी," आबासाहेब अदबीने म्हणाले.

"बरं झालं," चांगुणाबाई म्हणाल्या. "जरा खुर्ची सरकवा. खालच्या गोवऱ्या चांगल्या वाळल्यात."

आबासाहेबांनी खुर्ची उचलली, भाऊंनी पाटी धरली, आणि पुढचं पत्र वाचायला सगळं मंडळ त्या निघून जाईपर्यंत थांबलं.