हन्ना ‘चालेल’ म्हणायची

हन्ना गेल्याचा फोन तिच्या मामेभावाने केला. मंगळवारची दुपार होती, मी ऑफिसात होते. खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. आता कोणीतरी विचारेल, गेल्या बुधवारी तापात तिला कामावर कोणी बोलावलं?... मी चोरासारखं आजूबाजूला पाहिलं. तिच्या खुर्चीवर तिचा स्वेटर तसाच लटकत होता. एसी किती ठेवायचा ते मी ठरवायचे आणि तिला थंडी वाजायची. कमी कर, असं मात्र ती कधीच म्हणाली नाही.

आमची ओळख कॉलेजच्या पहिल्या वर्षातली. हन्ना पनवेलचीच, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू. घरात अस्सल मराठी. वडील लवकर गेले, बरेचसे नातेवाईक इस्रायलला, आणि इथे खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई. मी पहिल्यापासून पुढेपुढे करणारी. कुठला सिनेमा, कुठली पाणीपुरी, कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, सगळं मी ठरवायचे आणि हन्ना मान डोलवायची. एका रविवारी मी तिला घरी जेवायला आणलं. आईने कोळंबीचं कालवण केलं होतं. हन्ना माझ्या कानाशी म्हणाली, “आमच्यात कोळंबी खात नाहीत गं.” मी मोठ्याने हसले. “आई सकाळपासून सोलतेय. आणि देव काय तुझ्या ताटात डोकावून बघणार आहे?” तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “चालेल,” म्हणाली, आणि खाल्ली. पुढे आठ वर्षं खात राहिली. ‘माझ्यासाठी हन्ना कोळंबी खाते’ हे मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे. घट्ट मैत्री म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती. ती मैत्रीच असेलही... पण आता ती गोष्ट मी कोणाला सांगत नाही.

न्हावा शेवा बंदरात मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात मी आधी लागले, मग शब्द टाकून तिला घेतलं. दोन वर्षांनी मी टीम लीडर झाले. हन्ना माझ्या हाताखाली आली. तिचा पगार किती वाढावा हे ज्या फॉर्मवरून ठरायचं, तो मी भरायचे. “आपल्यात काही बदलणार नाही हं,” मी तिला सांगितलं होतं. “नाही गं,” ती म्हणाली. बदललं ते मला दिसलंच नाही. पूर्वी ती निदान रुसायची तरी. एकदा उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला जायचा बेत मी ऐनवेळी मोडला, तेव्हा बाई दोन दिवस फुगून बसल्या होत्या! मी लीडर झाल्यावर तिचा रुसवा बंद झाला. मला वाटलं, हन्ना मोठी झाली.

त्या बुधवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला. “मृणाल, कालपासून ताप आहे गं...” आणि ती थांबली. पुढे काय येणार ते मला कळलं होतं. ते येऊ नये म्हणूनच मी घाईने म्हटलं, “आज दोन जहाजं लागतायत. कागद गेले नाहीत तर कंटेनर अडकतील. एक गोळी घे आणि ये. चालेल ना?”

“चालेल.”

कंपनीची बस आम्हा दोघींना कॉलनीच्या नाक्यावरच घ्यायची. ती दांडी धरून कशीबशी वर चढली. ड्रायव्हर उरणकडचे, वयस्कर. त्यांनी आरशातून पाहिलं आणि मागे वळून मला म्हणाले, “म्याडम, पोरीला बरा नाय. गाडी अजून कॉलनीतच हाय, घरी सोडू काय?” हन्नाने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये मान घातली. मग तिने उत्तर दिलं, “नको काका, बरी आहे मी.” संध्याकाळपर्यंत तिने सगळे कागद पूर्ण केले, एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी तिला ॲडमिट केलं. डेंग्यू होता. हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टरांना गाठून विचारलं, “एक दिवस आधी आणलं असतं तर?” ते म्हणाले, “तसं सांगता येत नाही.” आता मी रोज त्या वाक्यावर येऊन अडकते.

ऑफिसात कोणी “चालेल मॅडम” म्हणालं की मी पुन्हा पुन्हा विचारते. परवा टीममधल्या एका मुलीला उशिरापर्यंत थांबशील का विचारलं. ती लगेच हो म्हणाली. मी म्हटलं, “खरं सांग. खरंच जमणार आहे का? खरं सांग मला!” ती बिचारी रडायच्या बेतात आली. खरं बोल म्हणतानाही मी दरडावतच होते.

हन्नाच्या घरी सुतकाच्या सात दिवसांत मी गेले नाही. कामाचं निमित्त केलं. महिन्याने एका रविवारी गेले. हन्नाच्या आईला, काकींना, सगळं माहीत असणार, दारातच विचारतील, असं वाटत होतं. काकींनी माझे दोन्ही हात धरले. “तू तर तिला घरी बस म्हणालीस गं. मी म्हटलं नको जाऊस, तर म्हणाली, मृणालही तेच म्हणतेय, पण मलाच करमत नाही घरी. फार हट्टी होती.”

हट्टी? माझी हन्ना?... जाता जाता तिने मला वाचवून ठेवलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काकींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडून निघालं, “हो काकी.” समोरच्या माणसाला घाबरून हो म्हणणं कसं असतं, ते मला सत्ताविसाव्या वर्षी त्या खोलीत कळलं.

काकींना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. दर रविवारी बाल्कनीत बसून हन्ना त्यांना पेपरची ही पुरवणी, जिच्यात हा लेख येतोय तीच, वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून शब्दकोड्यापर्यंत. त्या दिवशी पुरवणी घडी न मोडता पडली होती. मी उचलली आणि वाचली. तेव्हापासून दर रविवारी जाते. “हन्ना जरा सावकाश वाचायची,” काकी म्हणतात आणि मी वेग कमी करते. हा लेखही मलाच वाचायचा आहे. काल घरी मोठ्याने वाचून पाहिला. एक वाक्य गाळलं तर काकींना कळणार नाही, हे लिहितानाच लक्षात आलं होतं आणि माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून ते छापून आलेलं बरं. मी गाळलंच, तर शेजारपाजारचं कोणीतरी त्यांना सांगेल.

काकी, मी तिला घरी बस म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, ये.