चपलेत घातलेला हात

त्या दुकानात ताईंना बारा वर्षं झाली होती. गिऱ्हाईक बसलं, की ताई खोक्यातून जोड काढायच्या, उलटा करून झटकायच्या आणि आपला हात थेट पंजापर्यंत आत सारायच्या. वर आलेला खिळा, शिलाईची गाठ, कागदाचा बोळा, सगळं चाचपून झाल्याशिवाय जोड कुणाच्या पायात जायचा नाही. मालक छाती फुगवून सांगायचे, "बघा, आमच्या ताईंची शिस्त!" ताई हसायच्या आणि घाईनं विषय बदलायच्या.

कारण ही शिस्त दुकानातली नव्हतीच. टेकडीपलीकडं कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची वसाहत होती, ताईंचा जन्म तिथला. रोग जातो, पायांचं बधिरपण जात नाही. खिळा रुतला तरी कळत नाही, कळतं ते जखम चिघळल्यावर. म्हणून तिथली पोरं चालायला लागली, की आईची चप्पल चाचपायला शिकतात. ताईंना स्वतःला कधी काही झालं नव्हतं, पण एवढं ऐकून घ्यायला सवड कुणाला? आधीच्या दुकानात पत्ता कळला आणि दुसऱ्याच दिवशी "येऊ नका" असा निरोप आला. घरात आई, आणि मिळवती एकटी ताई. तेव्हापासून त्या दोन थांबे आधीच बसमधून उतरून चालत घरी जात.

एका दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. अनोळखी होती, पण तिची आत वळलेली बोटं ताईंच्या चांगल्याच ओळखीची होती. बाकावरची दोन गिऱ्हाइकं उठून गेली. मालक दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, बाहेरच उरका."

ताईंचं धाबं दणाणलं. आपल्याकडं आणि तिच्याकडं कुणी एकाच नजरेनं बघितलं तर? त्या गरज नसताना ओरडल्या, "आजी, पायरीवरच थांबा! कशाला हात लावू नका!"

असं लपून राहणाऱ्याला इतरांपेक्षा मोठ्यानं ओरडावं लागतं, याची मला फार चीड येते. पण मला बोलायला काय जातं? माझी नोकरी जाणार नव्हती.

ताईंनी जोड लांबूनच पायरीवर ठेवला. आत हात घातला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हातारी पैसे पायरीवर ठेवून, बुटांत पाय सरकवून निघून गेली.

मग ताईंनी त्याच थप्पीतला दुसरा जोड सवयीनं चाचपला. टाचेत खिळ्याचं टोक वर आलेलं. त्या तशाच धावत सुटल्या.

म्हातारी कोपऱ्यावर भेटली. "आजी, थांबा!" ताई रस्त्यातच खाली बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला, बूट काढला, हात आत सारला. खिळा होता. टाचेला रक्त लागलं होतं. ताईंनी दगडानं खिळा ठेचून सपाट केला, पुन्हा बोटं फिरवून पाहिली.

म्हातारीचं लक्ष त्या बोटांकडं होतं. ती हळूच म्हणाली, "आपल्यातलीच ना गं तू?"

ताईंनी बूट तिच्या पायाशी सरकवला. तेवढ्यात मालक धापा टाकत आले. "ताई! अहो, काय चाललंय हे?"

म्हातारीनं झटकन पाय ओढून बुटात घातला आणि आवाज चढवला, "मीच हाका मारून बोलावलं हिला. येतच नव्हती. हातापाया पडले तेव्हा आली." मग ताईंकडं न बघता म्हणाली, "जा बाई, लांब हो."

"धन्य आहे तुमची," मालक म्हणाले. "आधी हात धुवा."

नोकरी वाचली होती. दुकानामागच्या नळाशी ताईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांना स्वतःचीच शरम वाटली. मालकांनी साबण दिला आणि ते पुढं गेले. बघायला कुणी नव्हतं, तरी ताई कोपरापर्यंत चोळत राहिल्या.

पाण्यात लाल रंग उतरला, तेव्हा त्यांचे हात थांबले. टाचेतून रक्त येतंय, हे म्हातारीला सांगायचंच राहिलं होतं. आणि तिला ते आपलं आपण कळणार नव्हतं.