बुबुसाराची आवडती जागा

एकतीस वर्षं बुबुसारा किरगिझस्तानातल्या आत-बाशी गावच्या शाळेत रशियन शिकवत होती. गावातल्या अर्ध्या लोकांच्या वह्यांवर तिच्या लाल शाईच्या रेघा पडून गेल्या होत्या. बाजारात बटाटे विकणाराही तिला पाहिलं की वाक्य नीट जुळवून बोलायचा. लहानमोठे सगळे तिला एजे म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं.

ऑगस्टच्या शेवटी, शाळा उघडायला चार दिवस असताना, मुख्याध्यापक एमिल अगायने तिला बोलावून घेतलं. अगाय म्हणजे गुरुजी. हा एमिलही एकेकाळी तिच्याच वर्गात होता आणि रशियन विभक्तीत हमखास चुकायचा.

"एजे, सहावी-सातवीचं इंग्रजी तुमच्याकडे देतोय," तो म्हणाला. "नुरझात कोरियाला गेली. कारखान्यात लागली म्हणे."

"मला इंग्रजी येत नाही, अगाय."

"कॉलेजात जर्मन होतं ना तुम्हाला?"

"एक वर्ष. त्यालाही पस्तीस वर्षं झाली."

"म्हणजे लिपी तरी ओळखीची आहे. आपला व्यायामाचा मास्तर भौतिकशास्त्र शिकवतोय, तो कुठे कुरकुरतोय? मार्चमध्ये नारीन शहरात एक तोंडी परीक्षा आहे. तेवढी झालात पास, की कागदोपत्री सगळं सुरळीत."

"आणि नाही झाले तर?"

एमिलने टेबलावरचा शिक्का उचलला आणि होता तिथेच ठेवला. "आधी देऊन तर बघा," तो म्हणाला.

नाही म्हणायची सोय बुबुसाराला नव्हती. पेन्शनला चार वर्षं होती, आणि घरात शार्शेन होता.

शार्शेन तिचा नवरा. तोरुगार्तच्या खिंडीतून चीनकडचा माल खाली आणणाऱ्या ट्रकवाल्यांमध्ये त्याच्याइतका बोलका माणूस दुसरा नव्हता. चहाच्या टपरीवर तो बसला की लोक आपापल्या गाड्या उशिरा काढत. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, बर्फाच्या साखळ्या चाकांना बांधताना त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एकच शब्द मागे राहिला, 'नाही'. चहा हवा का, तर नाही, आणि डावा हात पेल्याकडे. खिडकी लावू का, तर नाही, आणि अंगावर शहारा. त्याला म्हणायचं असायचं काहीतरी वेगळं, तोंडातून यायचं तेच. कधीकधी आपलंच 'नाही' कानावर पडल्यावर तो इतका चिडायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. नारीनच्या डॉक्टरने सांगितलं होतं, त्याच्याशी बोलत राहा. दोन वर्षं ती बोलत होती. हल्ली विषय संपले होते.

आता संध्याकाळी गाय दोहून झाली की ती त्याच्या पलंगाशेजारी बसून सहावीचं पुस्तक उघडू लागली. मी सहाला उठते. मी चहा पिते. मला सफरचंदं आवडतात. शब्द तोंडात खड्यांसारखे फिरायचे. शार्शेन छताकडे बघत पडलेला असायचा.

"ऐकतोयस ना," ती म्हणायची. "चौपन्नाव्या वर्षी मी सांगतेय की मला सफरचंदं आवडतात."

वर्गात ती मुलांच्या एक धडा पुढे असायची, कधीकधी अर्धाच. 'माझी आवडती जागा' या धड्याला तिने सातवीला निबंध दिला. चोवीस वह्या आल्या आणि चोवीस जणांची आवडती जागा सोन-कोल सरोवर होती, कारण पुस्तकातला नमुना सोन-कोलचा होता. पाणी निळं, हवा शुद्ध, घोडे सुंदर. रशियनच्या तासाला तिने असल्या वह्या परत केल्या असत्या. इथे तिने सगळ्यांना पाचपैकी चार गुण दिले, कारण स्वतःसाठी तिने जो परिच्छेद पाठ केला होता, तोही तोच होता.

ऑक्टोबरात शिक्षण खात्याने परीक्षेला बसणाऱ्या शिक्षकांच्या जोड्या लावल्या. आठवड्यातून दोनदा फोनवर वीस मिनिटं एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं. विषय ठरलेले होते: आवडत्या जागा, रोजच्या सवयी, छंद. आपल्या भाषेतला एक शब्दही काढायचा नाही, असा नियम. बुबुसाराच्या वाट्याला आली सादात, पार दक्षिणेला, बातकेनकडच्या एका गावातली. तीही रशियनची शिक्षिका, तीही अशीच ढकललेली. दोघी जुन्या वळणाच्या, त्यामुळे ऐकायला कोणी नसतानाही दोघींनी नियम पाळला.

घरात फोनला रेंज फक्त एका खिडकीशी यायची, आणि ती खिडकी शार्शेनच्या उशाशी होती.

"तुझा छंद काय आहे?" सादातने इंग्रजीत विचारलं.

"वाचणे आणि प्रवास करणे." पुस्तकात तेच होतं. बुबुसारा गेल्या दोन वर्षांत नारीनच्या पुढे गेली नव्हती. "तुझा?"

"पोहणे," सादात म्हणाली. तिच्या गावच्या कालव्यात गुडघ्याएवढंच पाणी असतं, तेही वसंतात, हे बुबुसाराला फार नंतर कळलं.

महिनाभर दोघी अशाच थापा मारत राहिल्या. मग एकदा सवयींचा विषय निघाला. नवरा सकाळी काय करतो, असं विचारायचं होतं.

"माझा नवरा पलंगावर," बुबुसारा म्हणाली.

"झोपतो?"

"झोपत नाही. बोलत नाही."

"रागावला?"

झटक्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते तिला माहीत नव्हतं. "डोके," ती म्हणाली. "डोके तुटले. हात, पाय, तुटले."

पलीकडे पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग सादात म्हणाली, "मला वाईट वाटते." हे वाक्य चौथ्या धड्यातलं. कोणाच्या पायावर पाय पडला की म्हणायचं ते 'सॉरी'.

"धन्यवाद," बुबुसारा म्हणाली.

थोड्या वेळाने सादातच म्हणाली, "माझा नवरा मॉस्कोत. अकरा वर्षे. तिथे दुसरी बायको. दुसरा मुलगा."

"मला वाईट वाटते."

"धन्यवाद."

फोन ठेवल्यावर बुबुसाराला स्वतःचंच नवल वाटलं. शाळेत कोणी विचारलं तर ती म्हणायची, बरं आहे, देवाची कृपा. शेजारीणही तेच म्हणायची, सख्खी बहीणही. या घरात काहीतरी तुटलंय, हे तिने दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडाने म्हटलं होतं, आणि तेही ज्या भाषेत तिला धड चाळीस क्रियापदं येत नव्हती त्या भाषेत. बाकी भाषांमध्ये तिला आडोसा घ्यायला हजार शब्द होते. इथे एकही नव्हता.

त्यानंतर ती फोनच्या दिवसांची वाट बघू लागली. सादातला ती चुका करूनही खरं सांगायची, आणि सादातही तिला. सादातच्या जर्दाळूला गेल्या वसंतात बहर आला होता आणि एका गारपिटीत गेला. बुबुसाराची मुलगी बिश्केकहून फोन करते, पण घाईत असते. वाक्यं तुटकीच असायची, पण कळायची.

फेब्रुवारीत आवडत्या जागेची पाळी आली. बुबुसाराने सोन-कोलचा परिच्छेद घडाघडा म्हटला.

"का?" सादात म्हणाली. "तीन कारणे सांग."

"पाणी निळे. हवा शुद्ध."

"कधी गेलीस?"

बुबुसाराने आठवून पाहिलं. मुलगी सहा वर्षांची असताना. पाऊस पडत होता आणि मुलीच्या पोटात दुखत होतं.

"आता खरे सांग," सादात म्हणाली.

खरी जागा तिला ताबडतोब आठवली, आणि ती किती जवळ ठेवलेली होती याचं तिलाच आश्चर्य वाटलं. लग्नानंतरचे दोन उन्हाळे शार्शेन तिला आपल्या कामाज ट्रकमध्ये शेजारी बसवून तोरुगार्तपर्यंत न्यायचा. इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून तो तासन् तास बोलायचा. कुठल्या वळणावर कोणाचा टायर फुटला, कोणी कोणाची मेंढी चुकून विकली. ती कधी ऐकायची, कधी नुसती बाहेर बघायची. त्या सगळ्यासाठी तिच्याकडे शब्द होते ते असे:

"कामाज. मी बसते. शार्शेन चालवतो, बोलतो, बोलतो. तोरुगार्त. पुन्हा बोलतो. मी हसते."

आणि सादात हसली. चांगलंच, मनापासून हसली. फोनमधून ते खोलीभर ऐकू आलं. बुबुसाराही हसली.

पलंगावरून शार्शेन ओरडला, "नाही."

तिने वळून पाहिलं. त्याचं तोंड लाल झालं होतं. "नाही. नाही. नाही." डाव्या हाताने त्याने पांघरूण खाली लोटलं आणि खिडकीतल्या फोनकडे बोट केलं.

ती फोन बंद करून त्याच्याजवळ बसली आणि मग तिच्या ध्यानात आलं. एवढ्या सगळ्या इंग्रजीत त्याला तीनच शब्द कळले होते. कामाज. शार्शेन. तोरुगार्त. आणि पाठोपाठ दोन बायकांचं हसणं.

"अरे, तुझी थट्टा नव्हती," ती म्हणाली. "आवडती जागा सांगायची होती मला. मी आपला ट्रक सांगितला. तुझ्या शेजारची सीट सांगितली. ऐकतोयस का?"

तो तिच्याकडे बघत होता.

"तुला आठवतं ना? ती मेंढीची गोष्ट? रोज तीच सांगायचास आणि रोज मेंढ्या वाढायच्या."

"नाही," शार्शेन म्हणाला, या वेळी हळू.

हे 'नाही' कुठलं, ते तिला समजेना. आठवत नाही? विश्वास नाही? की पुढे बोलू नकोस? दोन वर्षांत त्याच्या 'नाही'चे बरेच अर्थ तिला लागायला लागले होते, हा लागला नाही. तिने चार वेळा चार तऱ्हेने विचारलं. शेवटी त्याने मान भिंतीकडे वळवली. मान त्याला वळवता येत होती.

पुढे आठ-दहा दिवस ती पुस्तक उघडायची तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. सादातला तिने निरोप पाठवला की गाय व्यायली आहे, सध्या जमत नाही. गाय खरंच व्यायली होती.

मार्चमध्ये शार्शेनला शेजारणीच्या हवाली करून ती सकाळच्या गाडीने नारीनला गेली. परीक्षा घेणारी मुलगी तिच्या मुलीहून लहान होती. समोर पाण्याची बाटली, हातात चिठ्ठ्या.

"तुम्हाला जायला आवडते अशा एका जागेबद्दल सांगा," मुलगी इंग्रजीत म्हणाली.

सोन-कोल तोंडात तयार होतं. वाटेत गाडीत तिने ते सात वेळा म्हटलं होतं. तिने सुरुवातही केली. पाणी निळं आहे, हवा शुद्ध आहे.

"छान. तुम्ही तिथे किती वेळा जाता?"

हाही धडा तिला पाठ होता. नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. सातवीकडून तिने तो घोटून घेतला होता. यातला कुठलाही शब्द चालला असता, 'कधीकधी' म्हणून टाकलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

"कधीच नाही," बुबुसारा म्हणाली.

मुलीने वर पाहिलं. "मग ती तुमची आवडती जागा कशी?"

बुबुसाराने उत्तर द्यायला तोंड उघडलं. रशियनमध्ये तिने यावर तासभर व्याख्यान दिलं असतं. किरगिझमध्ये एखादं वाक्य हसून म्हटलं असतं आणि सुटली असती. इथे कामाज आला, सीट आली, मग पलंग, भिंत, सगळं एकदम आलं आणि एकाचंही क्रियापद सापडेना. खाली कोणीतरी अंगणातला बर्फ फावड्याने खरवडत होतं. ती तो आवाज ऐकत राहिली.

"एजे," ती मुलगी शेवटी आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "काहीही बोला. घरातल्या मांजराबद्दल बोला. मला रकान्यात काहीतरी लिहायला हवंय."

"मांजर नाही आमच्याकडे," बुबुसारा म्हणाली. तेही किरगिझमध्येच.

आठवड्याने निकाल आला. नापास. ती कागद घेऊन एमिलकडे गेली. वाटेत तिने मनाशी ठरवलं होतं, आता हे इंग्रजी सुटलं, रशियनचे तास तरी नीट घेऊ.

एमिलने कागद वाचला, घडी घातली आणि खणात टाकला.

"सोमवारी पहिला तास सातवीचाच आहे," तो म्हणाला.

"अगाय, मी नापास झालेय. लेखी आहे ते."

"वाचलं ना मी. मग काय करू सांगा. वर्ग रिकामा ठेवू? कोण येणार आहे इथे, या थंडीत? सप्टेंबरात पुन्हा नाव देतो तुमचं."

"मुलांना काय शिकवू मी? मलाच येत नाही."

"तुम्हाला निदान येत नाही हे माहीत तरी आहे, एजे," एमिल म्हणाला. त्याला हे चांगल्या अर्थाने म्हणायचं होतं. खुर्चीतून उठून त्याने तिच्यासाठी दार उघडलं, विद्यार्थी होता तेव्हा उघडायचा तसंच.

त्याच रविवारी सादातचा फोन आला. ती पास झाली होती. जोड्यांचा कार्यक्रम संपला होता, नियमही संपला होता, म्हणून ती पहिल्यांदाच किरगिझमध्ये बोलली. तिची बोली दक्षिणेची, भरभर, उझबेकी शब्दांनी भरलेली. बुबुसाराला प्रत्येक वाक्य जरा उशिराने कळत होतं.

"कशा आहात, एजे? घरचे सगळे? गुरंढोरं?"

"बरं आहे, देवाची कृपा. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही बरं आहे. थंडी गेली. तुमच्याकडे?"

"अजून आहे थोडी. पास झालात, अभिनंदन हो."

"तुम्हीही व्हाल. मनाला लावून घेऊ नका."

"नाही, नाही."

दोघींनी एकमेकींना घरी यायचं आमंत्रण दिलं. जर्दाळूच्या दिवसांत या, सादात म्हणाली. तुम्ही उन्हाळ्यात या, बुबुसारा म्हणाली. मग बोलायला काही उरलं नाही. बुबुसाराला विचारायचं होतं, मॉस्कोचं काय, तो मुलगा केवढा झाला, पण आपल्या भाषेत असं एकदम कसं विचारायचं, ते तिला जमेना. सादातही काहीतरी म्हणता म्हणता थांबली असावी. तीन मिनिटांत फोन संपला.

शार्शेनची कूस बदलायची वेळ झाली होती. तिने फोन खिडकीत ठेवला, बाह्या वर सारल्या आणि त्याच्या पाठीखाली हात घातला.