मामंजींची तार आन पोरीचं बारसं

मला पयल्यापासून सगळ्याचंच भ्याव. पालीचं भ्याव, कुकरच्या शिट्टीचं भ्याव, बँकेतल्या खिडकीमागच्या माणसाचं भ्याव, आन नांदेडात रिक्षा पुलावरून जाताना खाली गोदावरी दिसली की तिचं बी भ्याव. शाळा नववीत सुटली ती गणिताच्या सरांच्या भ्यावापायी. आन देवानं मला दिलं कुठं, तर ज्या घराच्या वरच्या खोलीत रात्रंदिस कायतरी खरखर करून राहिलंय आन मधीच इंग्रजीत माणूस बोलून राहिलाय, अशा घरात.

ती खोली माझ्या सासऱ्याची. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. फौजेत वायरलेसवर व्हते, पेन्शनीत आले तरी वायरलेस काय सुटला न्हाई. हॅम रेडिओ म्हणतेत त्याला. गाणे लावायचा रेडिओ न्हवं, ह्याच्यात आपून बी बोलायचं. परीक्षा द्यायची, सरकारचं लायसन घ्यायचं, आन मग हवेतून कुठल्या कुठल्या मुलखातल्या माणसाला गाठून इचारायचं, तुमच्याकडं ऊन हाय का.

सासू म्हणायची, "येवढी परीक्षा देऊन ऊन इचारतेत. मला इचारा की, मी सांगते, हाय ऊन."

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी धुणं घेऊन गच्चीवर गेले. बगते तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची झकास तार ताणलेली. मी म्हणलं काय घर हाय, दोरी बी तांब्याची. दोन साड्या, परकर, सासूचं लुगडं, सगळं पसरून खाली आले. थोड्या वेळानं मामंजी जिन्यावरून उतरले. मिशा ताठ, पायात बूट.

ते म्हणले, "सूनबाई, तुझी साडी आत्ता कोलंबोला ऐकू येऊन राहिली."

मला कायच समजंना. मी रडायच्या बेतात. सासू आतून वरडली, "तिला नका बोलू, मी बी लग्नापासून तिथंच वाळू घालते!"

"तेच तर," मामंजी म्हणले, "लग्नापासून तेच भांडण हाय. ती दोरी न्हवं बाई, ॲन्टेना हाय. माझा आवाज तिथूनच जातो आन तिथूनच येतो." रागावले न्हाईत. दुसऱ्या दिशी बाजारातून पिवळी नायलॉनची दोरी आणून माझ्यासाठी येगळी बांधून दिली. सासू मात्र मुद्दाम त्या तारेवरच रुमाल टाकायची. म्हणायची, माझ्या सवतीला जरा झाकून ठेवलेलं बरं.

मामंजींनी घराची बी फौजच केली व्हती. जेवताना एकानं बोलायचं, बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं, मगच दुसऱ्यानं तोंड उघडायचं. का की रेडिओवर तसंच असतंय, बटन दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, दोघं संगं बोलले तर कुणाचंच कुणाला ऐकू येत न्हाई. नवरा म्हणायचा, "वरण वाढा, ओव्हर." मी बी शिकले. सासूनं मात्र कव्हाच ओव्हर म्हणलं न्हाई, तिचं बोलणं सरतच नव्हतं.

आन एक व्हतं. रोज सकाळी ते वरून आवाज द्यायचे, "सूनबाई, सिग्नल कसा हाय?" त्याचं उत्तर त्यांनीच शिकवलं व्हतं. समोरच्याचा आवाज साफ आन जोरात आला तर म्हणायचं फाइव्ह नाइन. त्याच्या वर कायच न्हाई, पैकीच्या पैकी. माझं मन ठीक असलं की मी खालून वरडायची, फाइव्ह नाइन. माहेरची याद येत असली की हळूच म्हणायची, थ्री फोर. मग मामंजी बूट घालून जायचे आन गरम भजे घेऊन यायचे. खरं सांगते, कव्हा कव्हा निस्तं भज्यांसाठी मी थ्री फोर म्हणलंय.

पयल्या बाळंतपणाला मी माहेरी निघाले. माझं माहेर उदगीरच्या पुढं, एकदम खेडं. तिथं मोबाइलला घरात रेंज न्हाई, गावाबाहेरच्या बाभळीखाली जाऊन उभं राहावं लागतंय. बसस्टँडवर मामंजी आले. पिशवी खिडकीतून दिली आन म्हणले, "बारशाला मी येतोच. नातवंडाचं नाव माझ्या कानानं ऐकणार. ओव्हर." मी म्हणलं, "हाव मामंजी, ओव्हर." शेजारची बाई आमच्याकडं बगतच राहिली.

मुलगी झाली. भावानं बाभळीखालून फोन लावला. तिकडून सासू म्हणली, लई आनंद झाला, पण तुझ्या मामंजींचा पाय मोडलाय, पलस्तर हाय, हालायचं न्हाई, पोरगा त्यांच्यापाशीच थांबतो, मी आन ताई येतो बारशाला. ताई म्हणजे माझी नणंद, लातूरला दिलेली.

झालं. गावात एक चुलती हाय माझी, तिच्या तोंडाला झाकण न्हाई. ती आली, पोरीला बगितलं, सुंठवडा खाल्ला आन म्हणली, "मुलगी झाली की सासऱ्याचा पाय मोडतोय म्हणा. पोरगं झालं असतं तर घोड्यावर बसून आला असता."

मी म्हणलं, "न्हाई काकू, ते तसे न्हाईत."

"तसे कुणीच नसतेत बाई, मुलगी होईस्तवर."

आता माझ्यासारखीच्या डोक्यात येवढं गेलं की मग काय राहतंय? मी पोरीला पाजताना बी तेच, न्हाऊ घालताना बी तेच. खरंच पाय मोडला का? का नातू पाहिजे व्हता? सगळ्या घरात एकच माणूस व्हता ज्याला माझा सिग्नल समजायचा, आन तोच फिरला तर मी त्या घरात जायचं कशी? भाऊ रोज बाभळीखाली जायचा, येऊन सांगायचा, सगळं ठीक हाय म्हणतेत. पण ठीक तर सगळेच म्हणतेत. आईची आई, आमची अव्वा, म्हणली, "खुळे, दूध आटल, नको इचार करू." तर मला दूध आटायचं बी भ्याव लागलं.

बारशाच्या सकाळी सासू आन ताई जीपनं आल्या. मागून फटफटीवर एक म्हातारा बी आला, मामंजींपेक्षा मोठ्या मिशा, पाठीला पोतं. पोत्यातून काढला रेडिओ, बॅटरी आन तारेचं भेंडोळं. उदगीरचे व्हते ते, मामंजींचे फौजेतले दोस्त, दोघं रोज सकाळी रेडिओवर बोलायचे, मला निस्ता आवाज ठाऊक व्हता. त्यांनी एका दगडाला सुतळी बांधून आमच्या अंगणातल्या कडूलिंबावर फेकली आन सरसर तार वर चढवली. सगळं गाव गोळा. कुणी म्हणलं टावर बसवतेत, कुणी म्हणलं सिनेमा हाय.

चुलती म्हणली, "आता झाडावरून येतो का सासरा?"

"आवाज येणार," फौजी काका म्हणले. "त्यानं शब्द दिलाय म्हणं, नाव कानानं ऐकणार."

बटन फिरवलं, लई खरखर झाली, आन त्या खरखरीतून मामंजी बोलले. उदगीर, उदगीर, मी नांदेड, ऐकतोय, ओव्हर. मी म्हणलं, "काका, मी बोलू का?" मला एकच इचारायचं व्हतं.

"न्हाई बाई. ज्याच्यापाशी लायसन त्यानंच बोलायचं. कायदा हाय. तुझ्या सासऱ्यानंच बजावून सांगितलंय, सुनेला बी देऊ नको म्हणून."

चुलतीनं माझ्याकडं असं बगितलं, असं बगितलं.

अव्वानं इचारलं, "आन लेकराला बी लायसन लागतंय का ओ?"

फौजी काकांनी मिशीवरून हात फिरवला. बराच इचार केला. "रडणं म्हणजे काय बोलणं न्हवं," ते म्हणले. "बाजूला लेकरू रडून राहिलं, त्याला मी काय करणार?"

सगळ्या बाया हासल्या. ठरलं, नाव काका सांगतेत, आन पोरीचा आवाज तिनं सोता द्यायचा. पण आमची पोरगी! रोज रात्री सगळ्या आळीला जागं ठेवणारी, आज मेली गाढ झोपलेली. फौजी काकांनी तिकडं सांगितलं, जरा थांबा, ऑपरेटर झोपलाय. अव्वानं तळपाय खाजवला, पोरगी हासली झोपंतच. भावानं ताटली वाजवली, शेजारचं लेकरू रडलं, आमचं न्हाई. चुलती म्हणली, "एक चिमटा घ्या बारीक." तशी सासू उठली. "माझ्या नातीला हात लावशील तर बग! मोडीन!"

काका म्हणले, "लवकर करा, सिग्नल पडून राहिला." खरंच मामंजींचा आवाज बारीक बारीक होऊन राहिला, विहिरीत पडल्यावानी. मी पाळण्याला धरून उभी, मनात म्हणते, रड ग माय, आजच्या दिस रड, तुझा आजा चालला.

"नाव ठेवा आधी," अव्वा म्हणली.

ताई पाळण्यावर वाकली. पोरीच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. आन नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आमच्याकडची रीत. बाया तर वाटच बगत व्हत्या. चुलतीनं तर सगळा राग त्या धपाट्यात घातला. धप्प! ताईचं डोकं पाळण्याच्या दांडीला, पाळण्याला बांधलेले घुंगरू खळ्ळकन, आन पोरीनं डोळे उघडले आन असा टाहो फोडला, असा फोडला, की लिंबावरचे कावळे उडाले.

"माईक!" काका वरडले. माईकची वायर आखूड. ती काय पाळण्यापर्यंत पोचंना. मी कशी उचलली, कशी पळाले, मला ठाऊक न्हाई, ओली बाळंतीण, डोक्याचा रुमाल सुटून मागं लोळतोय, मधी जीपचा ड्रायव्हर जेवत बसलेला, त्याच्या पत्रावळीवरून उडी मारून पोरगी माईकपाशी धरली. काकांनी बटन दाबलं. पोरगी रडली पोटभर. काकांनी नाव सांगितलं, एक एक अक्षर फोडून, फौजेच्या पद्धतीनं. "ओव्हर," म्हणले आन बटन सोडलं.

कायच न्हाई. निस्ती खरखर.

सगळ्या बाया गप. माझी सासू बी गप, ते तर मी पयल्यांदाच बगितलं. चुलतीचं तोंड उघडायच्या बेतात. मला वाटलं, ऐकलं आन बंद केला त्यांनी. मुलगीच ती, काय ऐकायचं.

मग त्या खरखरीतून आलं. "फाइव्ह नाइन." थोडं थांबून परत, "फाइव्ह नाइन. माझी नात." मग तिचं नाव घेतलं. मग परत नाव घेतलं. आन मग कायच न्हाई.

फौजी काका बटनावर बोट ठेवून बसले. बसले आन बसले. "ओव्हर म्हणंना गेलाय," ते म्हणले. "म्हणल्याबिगर मला बोलता येत न्हाई. फौजेत संगं वर्सं काढली, हा गडी ओव्हर म्हणायचं कव्हा इसरला न्हाई." आन मिशी पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

सासूचं तोंड एकदाचं सुटलं. "रडून राहिले असतेल तिकडं! इचारा हो त्यांना, पायाच्या गोळ्या घेतल्या का? सांगितलं व्हतं शिडीवर चढू नका, वय हाय का? तर म्हणे सून तिकडं अडकलीय, रेंज न्हाई, कायी झालं तर कळंल कसं, तार उदगीरच्या बाजूला सरकवतो. सरकवली आन पडले धाडकन."

मी म्हणलं, "म्हणजे... माझ्यासाठी चढले व्हते?"

"मग काय माझ्यासाठी? माझ्यासाठी स्टुलावर चढले न्हाईत कव्हा!"

चुलतीनं पदर सावरला आन म्हणली, "मी तर पयल्यापासून म्हणत व्हते, माणूस भला हाय." कुणी तिच्याकडं बगितलं बी न्हाई. काकांनी तेवढ्यात बटन दाबून गोळ्यांचं इचारलंच. तिकडून कडक आवाज आला, "घरगुती गोष्टी रेडिओवर घेऊ नये. ओव्हर." गोळ्या घेतल्या नव्हत्या, हे सासूला त्याच्यातच समजलं.

मामंजींना जाऊन आता साल झालं. पोरीला रोज माईकसारखी पळी धरून बोलायला शिकवायचे ते, आन ती बोलली की फाइव्ह नाइन द्यायचे, बोबडं असलं तरी. गच्चीवर तार तशीच हाय. तिच्यावर आता आमची सासू कुणाला रुमाल टाकू देत न्हाई. परवा मी पोरीचं झबलं चुकून टाकलं तर म्हणली, "ती दोरी न्हवं बाई, ॲन्टेना हाय." आन सोता काढून पिवळ्या दोरीवर टाकलं.

सकाळी आम्ही रेडिओ चालू करतो. ऐकायला लायसन लागत न्हाई, असं काका म्हणतेत. सगळ्यांशी बोलून झालं की काका शेवटाला म्हणतेत, नांदेडचं घर ऐकत असंल तर राम राम. आन मग थोडी खरखर ठेवतेत, कुणी बोलणार हाय असं समजून.

पोरीनं काल इचारलं, "आई, आपून राम राम का म्हणत न्हाई?"

"आपल्यापाशी लायसन न्हाई बाई. तू मोठी झाली की परीक्षा दे."

ती पळी हातात धरून इचार करत बसली. बारशाची गोष्ट तिनं सासूकडून लई येळा ऐकलीय. मग माझ्याकडं बगून म्हणली, "मग तवर मी रडू का?"